स्पीड १००, तरी पिंग ३००: घरच्या इंटरनेटचा उशीर नेमका कुठे होतो?

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा बसमध्ये ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाचं "अं... म्हणजे... तर" काढून टाकलंय. बाकी बोलणं आहे तसंच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच. "स्पीड टेस्टला १०० येतंय, पण गेममध्ये पिंग ३०० दाखवतंय." "मीटिंगमध्ये सगळे म्हणतात तुझा आवाज तुटतोय, पण यूट्यूब तर मस्त चालतंय." आणि त्याच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न: "प्लॅन २०० चा करू की ३०० चा?"

थांबा. पैसे भरायच्या आधी हे वाचा. स्पीड आणि लेटन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनी तुम्हाला विकते ती फक्त पहिली. एक्स्प्रेसवेला लेन वाढवल्या तर एका तासात जास्त गाड्या जातील, पण तुमची गाडी पुण्याहून मुंबईला अर्ध्या तासात पोचणार नाही. एमबीपीएस म्हणजे लेन. लेटन्सी म्हणजे एका गाडीला जाऊन परत यायला लागलेला वेळ, आणि तो मिलिसेकंदात मोजतात. गेममध्ये दिसणारं 'पिंग' म्हणजे हाच आकडा. आणि तो प्रत्येक वेळी वेगळा येत असेल, आत्ता २०, मग १४०, मग ३५, तर त्या चढउताराला जिटर म्हणतात. कॉलवर आवाज रोबोटसारखा होतो ना, ते बहुतेक वेळा जिटरमुळे.

पिंग हे नाव पाणबुडीच्या सोनारवरून आलंय. १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चाळीस वर्षं झाली, पण घरच्या नेटचा आजार ओळखायला अजूनही पहिलं हत्यार तेच.

आधी एक मर्यादा समजून घेऊ, म्हणजे उगाच अपेक्षा ठेवायला नको. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद, जाऊन येऊन १०. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कितीही भारी प्लॅन घेतलात तरी ४० च्या खाली पिंग येणं निसर्गाला मंजूर नाही. केबल सरळ रेषेत जात नाहीत, मधे यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात ६० च्या पुढेमागे दिसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर असेल तर २०० च्या आसपास दिसणं नॉर्मल. त्याबद्दल केबलवाल्याशी भांडून काही होणार नाही.

म्हणून गेमर मंडळींनी सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, काउंटर-स्ट्राइकचेही आहेत. महाराष्ट्रात बसून मुंबईच्या सर्व्हरला फायबरवर ५ ते ३० च्या मधलं पिंग यायला हवं. ते येत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. कॉलचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय टेलिकॉम संघटना, म्हणजे आयटीयू, म्हणते की आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेक संभाषणांना त्रास होत नाही. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघंही एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग "बोल बोल, तू बोल".

आता मुद्द्यावर येऊ. उशीर तीनच ठिकाणी होऊ शकतो. एक, तुमचा फोन किंवा लॅपटॉप ते राऊटर, म्हणजे घरातली हवा. दोन, राऊटर ते कंपनी, म्हणजे तुमची स्वतःची लाइन. तीन, कंपनीच्या पलीकडचं जग. लोक काय करतात, थेट तिसऱ्याला शिव्या देतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा पहिल्या दोन जागी सापडतो, आणि त्या दोन्ही जागा आपल्या हातातल्या आहेत.

कुठल्या जागी आहे ते ओळखायला दोन पिंग पुरतात. एक राऊटरला, एक बाहेर. राऊटरचा पत्ता अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की 'गेटवे' म्हणून दिसतो, आयफोनवर 'राऊटर' म्हणून. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पिंग टाइप करायचं, स्पेस, मग हा पत्ता, स्पेस, डॅश, टी. अर्थात सगळं इंग्रजीत. 'डॅश टी' लावलं की तुम्ही कंट्रोल सी दाबेपर्यंत ते मोजत राहतं. मॅकवर 'डॅश टी' लागत नाही, ते आपणहून चालूच राहतं. दुसऱ्या खिडकीत हेच १.१.१.१ या पत्त्यावर. तो क्लाउडफ्लेअरचा डीएनएस सर्व्हर आहे आणि जवळपास नेहमी उत्तर देतो. फोनवरच करायचं असेल तर प्ले स्टोअरला 'पिंगटूल्स' सारखी फुकट अ‍ॅप्स आहेत.

फोनवर मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅटरी वाचवायला फोन त्याचा वायफाय रेडिओ मधूनमधून झोपवतो. त्यामुळे नेट शांत असताना फोनवरचं पिंग उगाचच ६०-८० वर उडी मारून परत येतं. तो लाइनचा दोष नाही. शक्य असेल तर लॅपटॉपवर मोजा. लॅपटॉप नसेल तर एकेका आकड्याने घाबरू नका, मिनिटभर चालू ठेवा आणि सरासरी बघा.

आता दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसा. कॉल चालू असेल, गेम चालू असेल, जेव्हा त्रास होतो नेमकं तेव्हा बघा. राऊटरचा पिंग वायफायवर २ ते ५ असायला हवा, केबलवर १ च्या खाली. राऊटरचाच पिंग ८०, १५०, ३०० अशा उड्या मारत असेल तर प्लॅन, कंपनी, समुद्राखालची केबल, कशाचाच संबंध नाही. हॉलपासून बेडरूमपर्यंतच्या पंधरा फुटांत लोचा आहे.

वायफायचं थोडक्यात सांगतो, कारण याच्यावर अर्धं इंटरनेट लिहून ठेवलेलं आहे. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुमचा फोन, तुमचा टीव्ही, आणि तुमचं त्यांच्याशी बोलणं असो वा नसो, शेजारच्या जोशींचा राऊटरसुद्धा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत तीस राऊटर दिसत असतील तर ते सगळे या तीन चॅनेलवर गर्दी करून बसलेत. वर मायक्रोवेव्हही साधारण त्याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर जाणं. त्याला चॅनेल जास्त आहेत आणि तो भिंतींतून कमी जातो. हा त्याचा तोटा, आणि खरं तर फायदाही, कारण जोशींचाही तुमच्याकडे कमी येतो.

दुसरा उपाय राऊटरची जागा. फायबर लावायला आलेला मुलगा वायर जिथून घरात येते तिथेच डबा ठोकून जातो. दाराशेजारी, शू रॅकच्या वर, नाहीतर टीव्ही युनिटच्या कप्प्यात. मधे लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा असेल तर सिग्नल संपलाच. वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये तुमच्या बसायच्या जागी उणे ६० किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा. उणे ७५ च्या पुढे गेलं तर फुल स्पीडचा प्लॅनसुद्धा रडतो, कारण हरवलेली प्रत्येक गोष्ट रेडिओ पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि त्यात वेळ जातो. स्वस्तातला रिपीटर घ्यायचा मोह होईल. पण तो त्याच हवेत तोच डेटा दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे काड्या वाढतात आणि उशीरही वाढतो. त्यापेक्षा पंधरा मीटरची लॅन केबल भिंतीच्या कडेने ओढा. दिसायला बरी नाही दिसत, मान्य, आई ओरडेल. पण काही शे रुपयांत इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

समजा राऊटरचा पिंग ३ आहे, अगदी शांत. आणि बाहेरचा पिंग दुपारी १० असतो पण रात्री ६०० होतो. आता मजा आहे. इथेच बहुतेक लोक प्लॅन वाढवतात, आणि इथेच पैसे वाया जातात.

नाशिकला माझ्या मावशीकडे अगदी हेच झालं. मावसबहीण घरून नोकरीसाठी इंटरव्ह्यू देत होती, पॅनेल लंडनचं, म्हणून वेळ आपल्याकडची रात्री साडेआठची. पहिले दोन राऊंड तिने कसेबसे काढले, दोन्ही वेळा समोरच्यांनी "तुमचा आवाज येत नाहीये" म्हणून मधेच थांबवलं. काकांनी ५० चा प्लॅन १५० चा केला, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून. फरक शून्य. कस्टमर केअरने सांगितलं, "मॅडम, संध्याकाळी तुमच्या एरियात लोड असतो," आणि त्याहून वरचा प्लॅन सुचवला. शेवटचा राऊंड शुक्रवारी होता आणि तिचा फोन मला आला मंगळवारी. "दादा, स्पीड टेस्टला तर ९० येतंय रे. मग कॉल का तुटतो?"

मी तिला म्हटलं, डाउनलोड बघू नकोस, अपलोड सांग. ते १ सुद्धा येत नव्हतं. प्लॅनचं अपलोड किती? १०. आणि ५० वरून १५० केला तेव्हाही अपलोड १० च राहिलं होतं, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं ते फक्त डाउनलोड. मग पिंग चालू ठेवून घरातल्या एकेका वस्तूचं वायफाय बंद करायला लावलं. टीव्ही बंद, पिंग ६४०. काकांचा फोन बंद, ६४०. मावशीचा फोन बंद, पिंग थेट ९.

मावशी मागून म्हणाली, "अगं, मी तर फोनला हातसुद्धा लावला नाहीये. तो चार्जिंगला आहे!"

तेच तर कारण होतं. मावशी शाळेत शिक्षिका आहे. साडेसातला घरी येते, फोन चार्जिंगला लावते, फोनला घरचं वायफाय मिळतं, आणि गूगल फोटोज बॅकअप सुरू करतं. भाचीच्या लग्नाचे ४० जीबी व्हिडिओ होते. ४० जीबी १० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला सलग नऊ तास लागतात. म्हणून त्रास रोज संध्याकाळीच, आणि म्हणून कंपनीची "संध्याकाळी लोड असतो" ही थाप खरी वाटत होती.

पण थांबा, एक जण अपलोड करतोय म्हणून दुसऱ्याचं पिंग ९ वरून ६४० का व्हावं? आवाजाच्या कॉलला लागतं किती, १०० केबीपीएससुद्धा नाही. १० एमबीपीएसमध्ये तेवढी जागा मिळायला हवी की नको?

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण दोष जिथून आला ती गोष्ट खरंच भारी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातलं नेटवर्क अचानक कोलमडलं. अंतर किती, तर ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर आला. चाळीस हजार नाही, चाळीस. प्रत्येक कॉम्प्युटर जमेल तितकं ढकलत होता, हरवलं की पुन्हा ढकलत होता, आणि सगळे मिळून रस्ता बंद करत होते. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो मांडला. त्याचं सार असं: डेटाचं पाकीट हरवलं, तर तो इशारा समजायचा. पुढे गर्दी आहे, वेग कमी कर. आजही तुमच्या फोनमधलं टीसीपी साधारण याच कल्पनेवर चालतं. पाकीट पडेपर्यंत वेग वाढवत जायचं, पडलं की मागे यायचं.

आता पुढचा ट्विस्ट. मेमरी स्वस्त झाली. राऊटर आणि मोडेम बनवणाऱ्यांना वाटलं, पाकीट पाडणं वाईट, त्यापेक्षा मोठी रांग ठेवू, म्हणजे काहीच हरवणार नाही. हेतू चांगला होता. पण पाकीट पडलंच नाही, तर पाठवणाऱ्याला गर्दी आहे हे कळणार कसं? तो ढकलतच राहतो. रांग भरते आणि भरलेलीच राहते. २०१० मध्ये जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरला घरून मोठी फाइल पाठवताना पिंग सेकंदाच्या घरात गेलेला दिसला आणि तो कारण शोधायच्या मागे लागला. या आजाराला त्याने दिलेलं नाव म्हणजे बफरब्लोट. बफर म्हणजे रांगेची जागा, ब्लोट म्हणजे फुगणं.

हिशोब करून बघू. मावशीच्या राऊटरच्या पोटात समजा ८०० केबीची रांग मावते. फोटो एवढासा असतो, ८०० केबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ८०० केबी म्हणजे ६४ लाख बिट्स, आणि लाइन सेकंदाला फक्त १ कोटी बिट्स बाहेर टाकते. भागाकार करा, ०.६४ सेकंद. म्हणजे बहिणीने उच्चारलेला प्रत्येक शब्द लग्नाच्या व्हिडिओच्या मागे ६४० मिलिसेकंद उभा राहून मग घराबाहेर पडत होता. पिंगचा आकडा तंतोतंत हाच होता ना?

आणि अपलोडची रांग भरली की डाउनलोडही आजारी पडतं. कारण तुम्ही काहीही डाउनलोड करता तेव्हा तुमचा फोन सारखा "मिळालं, मिळालं, पुढचं पाठव" अशा छोट्या पोचपावत्या वर पाठवत असतो. त्या पावत्याही त्याच रांगेत उभ्या राहतात. म्हणून १५० चं डाउनलोड ९० दिसत होतं.

लालबागच्या राजाला गेला असाल तर हे डोळ्यांसमोर येईल. तिथे नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. ज्याला लांबून हात जोडून निघायचंय त्याला नवसवाल्यांच्या मागे अख्खी रात्र काढावी लागत नाही. घरच्या साध्या राऊटरमध्ये मात्र एकच रांग असते, आणि मंडपवाला जागा संपली की "बंद" म्हणण्याऐवजी आणखी मंडप घालत जातो. चार जीबीचा व्हिडिओ आणि "हॅलो" हा एक शब्द, दोघं एकामागे एक.

उपायही नेमका हाच निघाला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसनने 'कोडेल' नावाची पद्धत मांडली: रांग किती लांब आहे ते बघू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा, आणि जास्त वेळ झाला तर मुद्दाम एखादं पाडा, म्हणजे पाठवणारा शुद्धीवर येईल. पुढे त्यात प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी रांग जोडली गेली आणि एफक्यू-कोडेल तयार झालं, २०१८ मध्ये त्याचं आरएफसी निघालं. त्याचाच पुढचा भाऊ म्हणजे 'केक'. हे सगळं फुकट आहे, लिनक्समध्ये आहे, ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या कुठल्याही राऊटरवर 'एसक्यूएम' या नावाने मिळतं.

तुमच्याकडे बफरब्लोट आहे का हे दोन मिनिटांत कळतं. फोनवर फास्ट डॉट कॉम उघडा, ते नेटफ्लिक्सचं आहे. टेस्ट झाली की जास्त माहिती दाखवायचं बटण दाबा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे येतात, एक लाइन रिकामी असतानाचा आणि एक भरलेली असतानाचा. ऊक्लाच्या स्पीडटेस्ट अ‍ॅपमध्येही आता डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचं पिंग वेगळं दाखवतात. रिकामी ९ आणि भरलेली ३० असेल तर मजा करा. ९ आणि ४०० असेल तर आजार सापडला. माझं स्पष्ट मत आहे की प्लॅन विकताना हा दुसरा आकडा छापायला हवा. कोणी छापत नाही.

आता करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अपलोड करणाऱ्याला पकडणं. फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, लॅपटॉपवरचं वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह (दोघांच्याही सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, फार कमी लोकांना माहीत असतं), आणि क्लाउडवर चोवीस तास व्हिडिओ पाठवणारा दारातला कॅमेरा. हा शेवटचा फार छुपा रुस्तम आहे.

त्याच्यावरचा उपाय म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'क्यूओएस' शोधणं. हजार-दीड हजाराच्या बऱ्याच राऊटरमध्येही ते असतं. तिथे एखाद्या उपकरणाला अपलोडची मर्यादा घालता येते. नाशिकला आम्ही हेच केलं. मावशीच्या फोनला ३ एमबीपीएस, बाकी सगळ्यांना मोकळं. पिंग १५ च्या वर गेलं नाही. मावशीची अट एकच होती, "माझे फोटो जायला पाहिजेत हं सगळे." गेले, दोन रात्रींत. आणि शुक्रवारचा राऊंड तासभर एकदाही न अडखळता झाला. निकाल यायचाय, तोवर तिला कोणी विचारू नका असं तिने बजावलंय.

खरा पक्का उपाय म्हणजे एसक्यूएम. त्यात एक गंमत आहे. तुम्हाला मुद्दाम तुमचा वेग थोडा कमी करावा लागतो, मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के. कारण रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागेपाशी लागते. ती कंपनीच्या डब्यात लागली तर तिथे तुमचं काही चालत नाही. तुमचा राऊटर कंपनीच्या लाइनपेक्षा किंचित हळू असेल तर रांग तुमच्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे नियम तुमचे. १० चं अपलोड ९ झालेलं कोणाला कळतही नाही. एक अडचण मात्र आहे, या कामाला राऊटरचा प्रोसेसर लागतो, आणि ३०० एमबीपीएसला स्वस्तातला राऊटर दमतो. कंपनीने दिलेल्या डब्यावर ओपनडब्ल्यूआरटी बहुधा टाकता येत नाही. मग त्या डब्याला 'ब्रिज मोड'वर टाकून मागे आपला राऊटर लावायचा. केबलवाल्याला सांगितलं तर तो करून देतो, कधी लगेच, कधी चार फोन केल्यावर.

आता तिसरी जागा. राऊटरचा पिंग ३, घरातली बाकी सगळी उपकरणं बंद, लॅपटॉप लॅन केबलने जोडलेला, आणि तरी रात्री ८ ते ११ बाहेरचा पिंग १५० आणि पहाटे १०. हे मात्र कंपनीचं. तुमच्या एरियातल्या सगळ्यांसाठी त्यांनी जेवढी मोठी लाइन वरून घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही, आणि तिकडे त्यांच्याकडे तीच रांग फुगते. यावर तुमच्याकडे तांत्रिक उपाय नाही. पुरावा हाच उपाय.

पुरावा गोळा करायला ट्रेसराऊट. विंडोजवर टी-आर-ए-सी-ई-आर-टी असं टाइप करायचं, स्पेस, पत्ता. तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत मधल्या प्रत्येक थांब्याचं पिंग ओळीने येतं. हे वाचताना सगळे फसतात. मधल्या चौथ्या ओळीत २०० दिसलं आणि पाचव्या-सहाव्या ओळीत परत १२, तर चौथ्यात काहीही दोष नाही. मधले राऊटर पुढे पाठवायचं काम आधी करतात आणि तुमच्या पिंगला उत्तर द्यायचं काम सवडीने. दोष तेव्हा, जेव्हा एका ओळीपासून आकडा चढतो आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच चढत असेल तर तो तुमच्या कंपनीच्या आतला आहे.

आणि कधीकधी कंपनीचीही चूक नसते. ६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येतात. भारतातही नेट मंदावल्याच्या तक्रारी आल्या, मायक्रोसॉफ्टनेही अझूरवर लेटन्सी वाढल्याचं जाहीर केलं. नेट बंद पडलं नाही, डेटा दुसऱ्या लांबच्या रस्त्याने फिरून जायला लागला. अशा वेळी मुंबईच्या सर्व्हरचं पिंग नेहमीचंच असतं, फक्त युरोपचं वाढतं. म्हणजे दोन वेगवेगळ्या ठिकाणांना पिंग करून बघितलं की हेही कळतं.

ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर ते आधी बंद करून मोजा हं. व्हीपीएनचा सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर शेजारच्या डेस्कवरच्या मित्राशी केलेला कॉलसुद्धा जर्मनीला जाऊन येऊ शकतो.

मेसेजमध्ये आलेल्या काही 'जालीम' उपायांबद्दल पटकन. डीएनएस बदलल्याने गेमचं पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधतो, तोही सुरुवातीला एकदाच. 'गेम बूस्टर' अ‍ॅप्स मागची अ‍ॅप्स बंद करतात, ते तुम्ही स्वतःही करू शकता, जाहिराती न बघता. राऊटर बंद-चालू केल्याने बरं वाटतं ते खरं, कारण रांग रिकामी होते आणि अपलोड थोडा वेळ थांबतं. दहा मिनिटांनी परत तेच.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं लिहू नका, त्याला ठरलेलं उत्तर येतं. असं लिहा: लॅन केबलने जोडून, बाकी उपकरणं बंद ठेवून, सकाळी ७ ला पिंग इतका, दुपारी ३ ला इतका, रात्री ९ ला इतका, इतके टक्के पाकिटं हरवली, सलग तीन दिवस, स्क्रीनशॉट जोडलेत. डॉकेट नंबर मागून घ्या. त्यावर काही झालं नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं आणि त्याला फी नाही. तिचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत.

तुमचे रिकामे आणि भरलेले असे दोन्ही आकडे मला पाठवा, गाव आणि प्लॅनसकट. कंपनीचं नाव नको. पुढच्या भागात ओपनडब्ल्यूआरटी कुठल्या राऊटरवर कसं टाकायचं ते स्टेप बाय स्टेप बघू. तोवर, आईच्या फोनचा बॅकअप कितीला सुरू होतो ते बघून ठेवा.